घरच्या घरी बेंच पॉवर सप्लाय: एलएम३१७, पंधरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि दोन रविवार

इलेक्ट्रॉनिक्सचं वेड नवीन लागलं की पहिलं वर्ष ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या विकत घेण्यातच जातं, माझंही गेलं. एक मोटर फिरवली की बॅटरी बसते, मग सर्किट चालत नाही, आणि आपण तासभर सर्किटमध्ये चूक शोधत बसतो जी तिथे नसतेच. म्हणून ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर घेतल्यावर तिसरी गोष्ट पॉवर सप्लायच हवी (घरच्या लाईटवरून हवं तेवढं डीसी व्होल्टेज देणारा डबा), आणि पहिली तरी स्वतःच्या हातानं बनवलेली असावी असं माझं मत आहे. इथे जी सांगतोय ती साधारण १.२५ ते १३ व्होल्ट, १ ॲम्पिअरपर्यंत, सगळी लिनियर, म्हणजे जादाचे व्होल्ट उष्णतेत घालवणारी. स्विचिंगच्या (वेगानं चालू-बंद करून व्होल्टेज बदलायच्या) भानगडीत आत्ता पडू नका.

एक आधीच सांगतो. सर्किट सोपं आहे, अर्ध्या तासात सोल्डर होतं. वेळ खातात दोन गोष्टी, हिशोब आणि उष्णता. बहुतेक जण हे दोन्ही सोडून थेट बाजारात जातात आणि मग "माझा १२ व्होल्टला लोड लावला की ९ च येतात" असं विचारत फिरतात.

तर आधी कागद घ्या. ट्रान्सफॉर्मरवर १५ व्होल्ट लिहिलंय म्हणजे ते एसीचे आरएमएस, त्याचं शिखर १.४१ पट, म्हणजे २१ च्या जरा वर. आता इथून पुढे जो भेटेल तो आपली दलाली कापून घेतो. ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणारे चार डायोड) एका वेळी दोन डायोड चालू असतात, ते मिळून लोडवर दीडदोन व्होल्ट घेतात, राहिले १९. मग कपॅसिटर, चार्ज साठवणारी टाकीच म्हणा. आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची, ब्रिजमधून येणारे धक्के सेकंदाला १००, दोन धक्क्यांच्या मधल्या वेळेत सगळा लोड कपॅसिटरच ओढतो आणि तेवढा तो रिकामा होतो. किती, तर करंट भागिले (१०० गुणिले फॅराड), ४७०० मायक्रोफॅराड आणि १ ॲम्पिअर धरले तर २.१ व्होल्ट. हाच तो रिपल, खालचं टोक आलं १७ वर. शेवटी एलएम३१७ ला (आउटपुट व्होल्टेज स्थिर धरणारा तीन पायांचा आयसी) स्वतःचं काम करायला इनपुट आउटपुटमध्ये ३ व्होल्टचं अंतर लागतं (थोड्या कमीत पण भागतं, पण ३ धरा), म्हणजे हातात आले १४. आणि संध्याकाळी सगळी सोसायटी पंप नि गीझर लावते तेव्हा २३० चे २०७ होतात, तेव्हा हाच हिशोब परत केला की बरोब्बर १२ उरतात. म्हणून १५ चा ट्रान्सफॉर्मर. १२ चा घेतलात तर १२ व्होल्ट मिळणार नाहीत हे आता दिसलं असेल, आणि २२०० चा कपॅसिटर घातला तर रिपलच साडेचार व्होल्ट होतो, १४ चे साडेअकरा होतात, लोडवर गुणगुण सुरू.

उलट टोक पण बघा. रात्री दोन वाजता लाईन २५० ला असते आणि लोड काहीच नसतो, छोटा ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना छापील व्होल्टेजपेक्षा चांगला पंधरा टक्के जास्त देतो, त्यामुळे कपॅसिटरवर २५ व्होल्ट सहज येतात. म्हणून तो ३५ व्होल्टचाच घ्यायचा, २५ चा स्वस्त पडतो म्हणून नाही.

आता खरेदी. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत सगळं मिळतं, गाडी मात्र लांब लावा आणि चालत जा, बुधवार पेठेत पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात सप्लाय बांधून होईल. काउंटरवर "काका, पंधरा व्होल्ट दोन ॲम्पिअर ट्रान्सफॉर्मर द्या" म्हटलं की उलटा प्रश्न येतो, "झिरो-पंधरा की पंधरा-झिरो-पंधरा?" पहिल्या वेळी मी नुसता बघत राहिलो होतो. तुम्हाला झिरो-पंधरा हवाय. तो नसला तर पंधरा-झिरो-पंधरा पण चालतो, पण मधली तार आणि एका बाजूची एवढंच वापरायचं, उरलेल्या तिसऱ्या तारेच्या टोकाला स्लीव्ह घालून बांधून ठेवायची. दोन्ही टोकं ब्रिजला लावलीत तर ३० एसीचे डीसीला ४० च्या वर जातात आणि एलएम३१७ च्या इनपुट-आउटपुटमधलं अंतर जास्तीत जास्त ४० चालतं, म्हणजे आयसी गेला, आणि ३५ चा कपॅसिटर फुटेल तो वेगळाच.

दोन ॲम्पिअर का, आपल्याला तर एकच हवाय? कारण कपॅसिटर शिखरापाशीच एकदम घोट घेतो, त्यामुळे वाइंडिंगमधला आरएमएस करंट डीसीच्या दीड-पावणेदोन पट होतो. आणि वजन हातात घेऊन बघा. मी एकदा एका दुकानातून "तीन ॲम्पिअर" लिहिलेला आणला होता, दिसायला ठीक, उचलला तर हलका फूल, लोड लावल्यावर १५ चे १२ झाले आणि हात लावू देईना. तेव्हापासून दोन-तीन शेजारी ठेवून जड असेल तो घेतो. स्टिकर कुणीही छापतं, लोखंड आणि तांबं खोटं छापता येत नाही.

बाकी सामान असं: १एन५४०८ डायोड चार (तीन ॲम्पिअरवाले, जाड), १एन४००७ तीन, ४७०० मायक्रोफॅराड ३५ व्होल्ट एक, १० आणि ४७ मायक्रोफॅराडचे एकेक, "१०४ डिस्क" दोन (म्हणजे ०.१ मायक्रोफॅराड, दुकानात १०४ च म्हणतात), एलएम३१७ दोन घ्या कारण एक जाणारच, रेझिस्टर २२० ओहमचा आणि २.२ के अर्ध्या वॅटचा, एलईडी, २.२ के चा पॉट (नॉबनं फिरवायचा बदलता रेझिस्टर), जनरल पर्पज पीसीबी, हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), मायका आणि प्लॅस्टिक बुश (आयसीचा पत्रा हीटसिंकपासून विजेच्या दृष्टीनं वेगळा ठेवायला), थर्मल पेस्ट, फ्यूज होल्डर, डबल पोल स्विच, तीन कोअर वायर थ्री पिन टॉपसकट, बाइंडिंग पोस्ट (बाहेरच्या वायरी लावायची टोकं) लाल-काळी-हिरवी. पॉटवर बी लिहिलंय का बघून घ्या. ए म्हणजे बहुतेक वेळा लॉग, आवाजाच्या बटणाचा, त्यानं अर्ध्या फिरवण्यापर्यंत काही होत नाही आणि मग व्होल्टेज एकदम उडी मारतं.

डबा आणि हीटसिंक पुण्याच्या जुन्या बाजारात बघा, रविवार किंवा बुधवार. मेलेला ॲम्प्लिफायर, जुना स्टॅबिलायझर, असं काहीतरी उचला, पत्र्याचा डबा, पाठीमागे पंखेवाला (म्हणजे धातूच्या पात्यांचा, फिरत्या पंख्याचा नाही) हीटसिंक, रबरी पाय, सगळं एकात. फक्त त्यातले कपॅसिटर वापरू नका, वर्षानुवर्षं पडून ते आतून सुकलेले असतात.

मेन्सची बाजू. इथे मस्करी नाही. शाळेत असाल किंवा २३० व्होल्टला हात लावायची धास्ती वाटत असेल तर हा सगळा भाग सोडा, जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप ॲडॉप्टर घ्या आणि कपॅसिटरच्या पुढचं सर्किट त्याच्यावर चालवा. थोडा स्विचिंगचा कचरा आउटपुटला येईल पण जीव शाबूत राहील, आणि यात कमीपणा काही नाही.

ज्यांना करायचंय त्यांनी क्रम पाळा. वायर डब्यात शिरते तिथे रबरी ग्रोमेट आणि आतून क्लॅम्प, ओढली तरी सुटता कामा नये. फेज आधी फ्यूजमध्ये, मग फेज-न्यूट्रल दोन्ही स्विचमधून ट्रान्सफॉर्मरला. ३० व्हीएचा (१५ व्होल्ट गुणिले २ ॲम्पिअर) ट्रान्सफॉर्मर प्रायमरीला, म्हणजे २३० च्या बाजूला, फुल लोडवर १३० मिलीॲम्पिअरच्या आसपास घेतो, तेव्हा २५० किंवा ३१५ मिलीॲम्पिअरचा स्लो ब्लो फ्यूज घाला. साधा फास्ट फ्यूज चालू करतानाच्या धक्क्याला उडतो, मग माणूस वैतागून ५ ॲम्पिअरचा घालतो, मग फ्यूज असून नसल्यासारखा. हिरवी अर्थची वायर डब्याच्या पत्र्याला, रंग खरवडून, रिंग लग आणि दातेरी वॉशर लावून घट्ट, आणि ती इतरांपेक्षा जरा लांब ठेवा म्हणजे वायर उपटलीच तर अर्थ शेवटी सुटेल. प्रत्येक उघड्या जोडावर स्लीव्ह. प्रायमरी-सेकंडरी कुठली अशी शंका आली तर मल्टिमीटर ओहमवर लावा, प्रायमरी पन्नास-शंभर ओहमच्या घरात येते, सेकंडरी एखाद ओहम. उलटं जोडलंत तर फ्यूज उडेल, नशीब चांगलं असेल तर.

आता ब्रिज. डायोडच्या पट्टीकडची दोन टोकं एकत्र आली तो प्लस, बिनपट्टीची दोन एकत्र आली तो मायनस, उरलेल्या दोन सांध्यांवर ट्रान्सफॉर्मरच्या तारा. मोठा कपॅसिटर जोडताना अंगावरची मायनसची पट्टी दोनदा बघा. उलटा लागला तर आधी फुगतो, मग वरच्या फुलीतून फाटतो, आणि जो वास येतो त्यावर आई स्वयंपाकघरातून ओरडली होती, "काय जाळलंस रे?" कपॅसिटरच्या दोन टोकांवर एलईडी आणि २.२ के सिरीजमध्ये लावून टाका. चालू आहे हे दिसतं आणि बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा पण होतो. दिवा पूर्ण विझल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

इथे थांबा आणि एलएम३१७ न लावता तपासा. जुने टीव्ही मेकॅनिक वापरतात तो सिरीज बोर्ड आठवतोय? एक होल्डर, त्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब, तो फेजमध्ये सिरीजला, आणि पुढे आपला डबा. सगळं नीट असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो किंवा विझतो, कुठे शॉर्ट असेल तर भसकन पेटून तसाच राहतो, आणि डब्यातलं काहीही जळत नाही. फिलामेंटवालाच हवा, एलईडी बल्बनं हे होत नाही. बल्ब विझला की कपॅसिटरवर डीसी मोजा, २० ते २५ च्या मधे काहीतरी दिसायला हवं.

एलएम३१७ हा आयसी बॉब डॉबकिननं नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये असताना १९७६ साली बनवला आणि अजून तो नव्यानं बनतोय, विकला जातोय. कल्पना एवढीच की आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये तो कायम १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोघांमध्ये २२० ओहम लावला की त्यातून ५.७ मिलीॲम्पिअर वाहतो, तोच करंट खाली पॉटमधून ग्राउंडला जातो, पॉट जेवढा मोठा तेवढं व्होल्टेज वर चढतं. आउटपुट म्हणजे १.२५ गुणिले (१ अधिक पॉट भागिले २२०). २२०० टाकून बघा, १३.७५ येतात. ॲडजस्टमधून बाहेर पडणाऱ्या ५० मायक्रोॲम्पिअरचे आणखी ०.११, सोडून द्या. सगळीकडे ५ के चा पॉट लावलेली आकृती दिसते, तिचा हिशोब केला तर वरचं टोक जवळजवळ ३० वर जातं जे आपल्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारच नाही, म्हणजे अर्ध्याहून जास्त पॉट नुसताच फिरतो. २.२ के मिळाला नाही तर ४.७ के चा पॉट आणि त्याच्या दोन टोकांवर ४.७ के चा रेझिस्टर, भागतं.

पाय बघताना मात्र सांभाळा. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट. ७८०५ चा (ठरलेले ५ व्होल्ट देणारा आयसी) क्रम वेगळा आहे, इनपुट, ग्राउंड, आउटपुट, आणि ज्यानं आधी ७८०५ वापरलाय तो हमखास इथे फसतो. पॉटचा मधला पाय एका टोकाला जोडून टाका, म्हणजे आतला संपर्क झिजून सुटला तरी व्होल्टेज १३ वर अडकेल, मोकाट पळणार नाही. घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर व्होल्टेज कमी होत असेल तर दुसरं टोक वापरा.

१०४ डिस्क एक इनपुटला एक आउटपुटला, पायांच्या अगदी जवळ. १० मायक्रोफॅराड ॲडजस्टपासून ग्राउंडला, यानं रिपल चांगलाच कमी होतो. ४७ आउटपुटला. यापेक्षा मोठा लावायची हौस नको, आउटपुटला १००० लावला तर त्यात साठलेला चार्ज तुमच्या एलईडीतून एका दमात जातो, रेग्युलेटर बिचारा काही करू शकत नाही. तीन १एन४००७: पहिला आउटपुटकडून इनपुटकडे, पट्टी इनपुटला, दुसरा ॲडजस्टकडून आउटपुटकडे, पट्टी आउटपुटला, तिसरा बाइंडिंग पोस्टवर उलटा, पट्टी प्लसला. पहिले दोन बंद करताना किंवा शॉर्ट झाल्यावर कपॅसिटर आयसीतून उलटे रिकामे होऊ देत नाहीत, तिसरा मोटरचे उलटे धक्के आणि चुकून उलटी लावलेली बॅटरी झेलतो.

आकृतीत न दिसणारी एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते पूर्ण सप्लायचं कसब तिथे आहे. २२० ओहम आयसीच्या आउटपुट पायालाच चिकटवा, लांब वायरनं पुढच्या पॅनेलवर नेऊन नाही. आणि पॉटचा ग्राउंड नेमका काळ्या बाइंडिंग पोस्टवर न्या. मधल्या वायरीचा ०.०५ ओहम जरी २२० च्या मागे राहिला तरी १ ॲम्पिअरला ५० मिलीव्होल्ट पडतात, आणि आयसी ते आउटपुटच्या प्रमाणात वाढवतो, १२ व्होल्टला जवळजवळ अर्धा व्होल्ट गायब. ब्रिजचा मायनस आधी मोठ्या कपॅसिटरला, तिथून एक जाड वायर काळ्या पोस्टला, असंच करा.

आता हीटसिंक, आणि माझी फजिती. एलएम३१७ चा पाठीचा, स्क्रूच्या भोकाचा पत्रा आतून आउटपुटला जोडलेला असतो. मी पहिला सप्लाय केला तेव्हा आयसी थेट डब्याच्या पाठीला स्क्रूनं आवळला आणि वर शहाणपणा म्हणून आउटपुटचा मायनस पण डब्याला जोडला. चालू केलं, आउटपुट शून्य, ट्रान्सफॉर्मर घुंऽऽ करतोय, आयसी चटका देतोय. दीड तास सगळे सोल्डर परत केले. शेवटी वैतागून स्क्रू काढला आणि आयसी हवेत लोंबकळत ठेवला तर व्होल्टेज आलं! आयसीमध्ये स्वतःचं करंट लिमिट आणि थर्मल शटडाउन आहे म्हणून तो वाचला, मी तर काहीच वाचवलं नव्हतं. तर मायका लावा, दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ हात, स्क्रूला प्लॅस्टिक बुश, आणि मग मल्टिमीटर बीपवर लावून पत्रा आणि डबा यांच्यात बीप येत नाही ना बघा. मायनस डब्याला जोडू नका, तो तरंगता ठेवा, हिरवा पोस्ट वेगळा डब्याला द्या, ज्याला अर्थ हवा तो बाहेरून पट्टी टाकेल.

उष्णतेचा हिशोब सोपा आहे, जेवढे व्होल्ट आयसी खातो गुणिले करंट. १२ व्होल्ट १ ॲम्पिअरला कपॅसिटरवर सरासरी १८ असतात, म्हणजे ६ वॅट. ५ व्होल्ट १ ॲम्पिअरला तेच १३ वॅट! कमी व्होल्टेजला जास्त तापतो हे नवीन माणसाला पटतच नाही. आतल्या चिपपासून हीटसिंकपर्यंत मायकासकट वॅटला साधारण ६ अंश, मध्यम हीटसिंक वॅटला ४ अंश, मिळून १०. एप्रिलमधला पुण्याचा ४० चा पारा धरला तर ६ वॅटला चिप १०० वर, ठीक आहे, हद्द १२५ ची. १३ वॅटला १७०, म्हणजे आयसी स्वतःहून बंद पडणार. हीटसिंक डब्याच्या बाहेर, पंखे उभे, हे पण त्यातच आलं.

टेस्टिंगला १० ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर वापरा. ५ व्होल्टला अर्धा ॲम्पिअर, १० ला एक. लोड लावता काढता व्होल्टेज काही मिलीव्होल्टच हललं पाहिजे. रिपल बघायला मल्टिमीटर एसीवर, कपॅसिटरवर १ ॲम्पिअरला अर्ध्या व्होल्टच्या जरा वर दिसेल, आउटपुटला जवळजवळ काही नाही. स्वस्त पिवळ्या मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासूनच सुरू होते, तिथे काहीच कळणार नाही, मग सरळ ३ व्होल्टवर एक छोटा रेडिओ लावा आणि स्टेशनच्या मधे कान द्या, गुणगुण असेल तर ऐकू येईलच.

यात करंट लिमिटचा नॉब नाही. नवीन बनवलेलं सर्किट पहिल्यांदा चालू करताना प्लसच्या वायरमध्ये टू व्हीलरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब सिरीजला टाका, सर्किटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि करंट पाऊण-एक ॲम्पिअरवर अडेल. मेन्सला जी युक्ती तीच इथे. कुठल्याही गॅरेजवर मिळतो.

आणि शेवटी पुढच्या पॅनेलवर मार्करनं लिहून ठेवा, माझ्याकडे अजून ती चिकटपट्टी आहे: ३.३ ला ०.३५ ॲम्पिअर, ५ ला ०.४, ९ ला ०.६, १२ ला १. ५ ला एक ॲम्पिअर हवा असेल तर या डब्याला हात लावू नका, मोबाईलचा चार्जर घ्या.